बोट आठवड्यातून एकदा

हृदयाच्या ऑपरेशननंतर नवऱ्याने एकच हट्ट धरला: दूर रानातल्या नदीवर एकट्याने जायचं. डॉक्टर हो म्हणाले, पण नर्स असलेली बायको नको म्हणत राहिली. आज तो स्वयंपाकघरात लाइफ जॅकेट घालून बघत असताना अभयारण्याच्या कचेरीतून फोन आला. तिने स्पीकरवर घेतला. "तिथे फोन लागत नाही, बोट आठवड्यातून एकदाच येते," पलीकडची बाई म्हणाली. "येणाऱ्यांना काही आजार?" सांगू नको म्हणून नवऱ्याने बायकोपुढे हात जोडले. मघाशी जॅकेटचा पट्टा व्रणावर आवळताना कळवळलेला त्याचा चेहरा तिने पाहिला होता. "हृदयाचं ऑपरेशन झालंय," ती म्हणाली. त्याने मान खाली घातली. "पण सोबत नर्स येतेय. मीच." पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग, "चालेल. दोघांची नावं लिहिते." फोन ठेवताच तो म्हणाला, "अगं, गुडघाभर पाण्यात तुझी गाळण उडते!" "उडू दे. इथे बसून काय कमी उडणार होती?"