टाक्यातलं पाणी

पत्र्याच्या पिंपावर शेवटचा दणका बसला आणि तालमीच्या हॉलची तावदानं थरथरली. ऋजुताने घाम पुसत वडिलांकडे पाहिलं. वाळवंटातल्या अणुचाचणीसाठी खड्डा खणणाऱ्या तुकडीत आप्पा होते. म्हणूनच अणुचाचणीवरचा हा वाद्यप्रयोग तिला आधी त्यांना ऐकवायचा होता.

"आवाज असाच झाला होता ना, आप्पा?"

"आवाज ऐकलाय कुणी? जमीन हलली आणि आम्ही टाळ्या पिटत सुटलो." आप्पांनी पिंपावर तळवा टेकवला. "तसेच टाळ्या वाजवत शेजारच्या गावात शिरलो. तिथे पावसाचं पाणी साठवायचं एक टाकं होतं, जमिनीतलं. एक म्हातारा मेंढपाळ त्याला कान लावून बसलेला. टाकं तडकलं होतं गं. मला म्हणाला, जरा हळू. पाणी कुठून जातंय, ते ऐकतोय."

"मग?"

"मग काय! आमच्या टाळ्या चालूच."

प्रयोगाच्या दिवशी ऋजुताने पिंपं आणलीच नाहीत. मंचावर एक तडकलेला माठ टांगला होता, खाली वाळूची परात आणि वाळूत माइक. थेंब पडत राहिले. दोन थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. लोक श्वास रोखून पुढे झुकले. बराच वेळ पुढचा थेंब पडलाच नाही, तेव्हा सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

पहिल्या रांगेत आप्पा कानामागे हात धरून तसेच बसले होते. दुसऱ्या हाताने त्यांनी शेजारच्या माणसाचं मनगट धरलं.

"जरा हळू," ते म्हणाले.