पडद्यावरची सुझी

पडद्यावर सुझीने ती चिठ्ठी प्रिन्सिपल सिस्टरच्या हातात ठेवली, तशी थिएटरात मागून कोणीतरी शिवी हासडली. लोक हसले.

"काय घाणेरडी आहे गं ही," सँड्रा आईच्या कानाशी म्हणाली. "म्हणे बेस्ट फ्रेंड."

अँजेलिना समोर बघत राहिली. पडद्यावरची सुझी शाळेतल्या अँजेलिनासारखीच सांडोर गावाहून केळीच्या बागांमधून सायकल मारत शाळेत यायची. दोन घट्ट वेण्या घालायची. बोलताना 'स'वर किंचित अडखळायची. आर्याने काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

सिनेमा आर्याचा होता. लिहिला तिनेच, दिग्दर्शनही तिचंच. दहावीतली एक मुलगी, वर्गातल्या मुलावर जडलेला तिचा जीव, आणि जळफळून चुगली करणारी मैत्रीण. वसईतल्या पहिल्या खेळाला तिने शाळेतल्या जुन्या वर्गातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. अँजेलिनाला तर स्वतः फोन केला. म्हणून ती चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन हौसेने आली होती.

घडलं होतं ते वेगळंच. जॉयल आर्याला आवडायचा. आर्याचं अक्षर वाईट, म्हणून चिठ्ठ्या अँजेलिना लिहून द्यायची. त्यातली एक सिस्टरना जॉयलच्या वहीत सापडली. हे अक्षर कोणाचं, असं त्यांनी वर्गात विचारलं, तेव्हा अँजेलिना उभी राहिली. तिच्याच बाकावर आर्या मान खाली घालून बसून होती. त्या संध्याकाळी वडिलांनी अँजेलिनाचं दप्तर माळ्यावर टाकलं. दहावीच्या परीक्षेला ती बसलीच नाही.

खेळ संपला. बाहेर गर्दीतून वाट काढत आर्या आली आणि तिने अँजेलिनाला मिठी मारली.

"अँजू, आलीस! कसा वाटला?"

"चिठ्ठी मी दिली नव्हती, आर्या."

 आर्याने अँजेलिनाचा दंड हलकेच दाबला. "अगं, सिनेमा आहे तो. कोणीतरी वाईट लागतंच त्यात. तू कशाला मनाला लावून घेतेस?" ती सँड्राकडे वळली. "ही लेक ना तुझी? तुझी मम्मी म्हणजे माझी सुझी, बरं का. तिच्याशिवाय हा पिक्चर झालाच नसता."

कोणीतरी फोटोसाठी हाक मारली. आर्या गेली.

 पार्किंगमध्ये स्कूटरपाशी आल्यावर अँजेलिना म्हणाली, "सँड्रा, ऐक. मी तिचं नाव घेतलं नव्हतं. उलट सगळं माझ्यावर घेतलं. त्यापायी माझी शाळा सुटली."

"मग तिने असं का दाखवलं?"

"तिलाच माहीत."

सँड्रा हेल्मेटचा पट्टा लावत होती. तो लागेना. "पण तू तर सांगायचीस, दहावीत नापास झालीस म्हणून शाळा सुटली."

सांगायची खरी. लेकीच्या कानावर चिठ्ठ्यांचा विषय नको, म्हणून ती वर्षानुवर्षं तसंच सांगत आली होती. तिने तोंड उघडलं, पण अगदी पडद्यावरच्या सुझीसारखी 'स'वरच अडखळली. सँड्राने झटकन दुसरीकडे पाहिलं.

अँजेलिनाने स्कूटर चालू केली. सँड्रा मागे बसली. एरवी ती आईच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घालून, गाल पाठीला टेकवून बसायची. आज तिने मागची दांडी धरली, आणि घर येईपर्यंत ती सोडली नाही.