बाबांच्या जागी

"तुम्ही तुमचा भाऊ व्हायचं," समुपदेशिका ताईला म्हणाली, "आणि तो तुमचे वडील होईल. ती संध्याकाळ पुन्हा उभी करायची, पण जागा बदलून. सुटकेआधीचा हा शेवटचा टप्पा. घरचं माणूस समोर असल्याशिवाय आम्ही तो करत नाही."

तुरुंगातल्या उपचार विभागाची खोली. खुर्च्या प्लास्टिकच्या, फेकून मारल्या तरी फारसं लागू नये अशा. धाकटा भाऊ समोर बसला होता, केस नीट विंचरलेले. त्याने बाबांचा जीव घेतला तो त्यांनी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं म्हणून. आता ताई हो म्हणाली तर तो घरी येणार होता. घरात आई एकटी होती, आणि तिने त्याच्या गादीला ऊनही दाखवून ठेवलं होतं.

समुपदेशिकेने रिमोट म्हणून ताईच्या हातात फळा पुसायचं डस्टर दिलं.

भाऊ उठला. उठताना त्याने गुडघ्यावर हात दाबला, नसलेला चष्मा कपाळावर सरकवला, घसा खाकरला. "काय रे, बहिऱ्यांची वस्ती आहे का ही? जरा बारीक कर की. डोकं उठलंय माझं."

ते बाबा होते. आवाज, शेवटच्या शब्दांवरचा हेल, मान तिरकी करून उत्तराची वाट बघणं, सगळं. घरात त्यांचे इतके फोटो होते. एकातही ते एवढे हुबेहूब नव्हते. त्यांनी अजून काहीतरी बोलावं, काहीही बोलावं, असं ताईला वाटलं. डस्टर हातात तसंच राहिलं. डोळे वाहू लागले.

"ताई, आत्ता तू मी आहेस ना?" भाऊ समजुतीने म्हणाला. "मग रडू नकोस. मी नव्हतो रडलो. नुसता आवाज वाढव."

"थांबू या," समुपदेशिका म्हणाली. तीही हेलावली होती. "बाबा झाल्यावर तुला काय वाटलं रे?"

"भीती. आणि वाईट वाटलं, आपल्याच मुलाला आपली किंमत नाही म्हणून." तो कुठेही अडखळला नाही.

"हे तुम्ही शिकवलंत?" ताईने विचारलं.

"शब्द आम्ही दिले. पूर्वी त्याच्याकडे तेही नव्हते."

"आणि शब्दांच्या आत काही आहे का?"

"ते बघायला माझ्याकडे साधन नाही. पण इथे आल्यापासून त्याने कुणावर हात उचललेला नाही."

"इथे त्याला टीव्ही बारीक कर म्हणून सांगतं कोण?"

समुपदेशिकेने उसासा सोडला. "वागणं बदललं, हे थोडं नाही, ताई. आतलं बदलायची वाट बघत बसलो तर इथून एकही माणूस बाहेर पडायचा नाही."

ती बोलली ते बरोबर होतं. ताईला त्याचाच जास्त संताप आला. तिने डस्टर टेबलावर आपटलं आणि खुर्ची भावाकडे वळवली.

"समज, घरी आलास. आई म्हणाली, आवाज कमी कर. काय करशील?"

"उठून बाहेर जाईन. लांब श्वास घेईन. आकडे मोजीन. राग उतरला की आत येईन." समुपदेशिका प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती.

"आत आलास. आई परत तेच म्हणाली."

भाऊ खरंच विचार करत होता. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याचा चेहरा कुणासारखाही दिसत नव्हता. मग त्याने समुपदेशिकेकडे पाहिलं.

"तो भाग अजून झालेला नाही ना, मॅडम?"