जुनाच शेजारी

नवं स्टेडियम बांधायचं की नाही, यावरून आमच्या फुटबॉल क्लबच्या सभेत हमरीतुमरी चालली होती.

"तिथं शेजारी कोण बोंबल्या येऊन बसेल, काय सांगावं?" माझा नवरा ओरडला.

"तुझ्याहून मोठा बोंबल्या आणणार कुठून, बाबा?" मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. प्रत्येक मॅचला काकूंच्या शेजारची खुर्ची धरून बसणारे आमचे काका तेवढे गप्प होते.

शेवटी सेक्रेटरी वैतागले. "अहो, नव्या स्टेडियममध्येही प्रत्येकाला जुनीच जागा आणि जुनाच शेजारी मिळेल. शब्द देतो!"

काका हळूच उभे राहिले. "नक्की ना?"



काकू गेल्यापासून ते पहिल्यांदाच बोलत होते.