सोळा काळे डबे

सदूला जाग आली तेव्हा सोळापैकी अकरा डबे घासून झाले होते.

विहिरीच्या कट्ट्यावर ते ओळीने उपडे मांडलेले होते. नुकतं उजाडत होतं, पण तेवढ्या उजेडातही पत्रा आरशासारखा लखलखत होता. सगुणावहिनी उकिडवी बसून नारळाच्या सोडणाने आणि राखेने बारावा डबा घासत होती. अंगणातल्या मासे सुकवायच्या पेटीची काच तिने भिंतीला टेकवून ठेवली होती, अगदी सांभाळून.

साडेदहाला सदूच्या प्रकल्पाच्या साहेबांची जीप येणार होती.

त्या डब्यांत त्याचं दीड वर्ष होतं. उन्हावर मासे सुकवणारी पेटी कोणीही करील. पण ऊन उतरलं की ती थंड पडते आणि अर्धवट सुकलेल्या माशांना रात्रीत वास येतो. उष्णता साठवायची कशी, हा खरा प्रश्न. मेण वितळताना पुष्कळ उष्णता पोटात घेतं आणि गोठताना ती परत देतं. मात्र मेणातून उष्णता पसरत नाही. कडेचं वितळतं, मधलं तसंच राहतं. सदूने लेथवरचा ॲल्युमिनियमचा बारीक कीस आणून मेणात कालवला. सात प्रमाणं करून पाहिली, तेव्हा कुठे डबा आतून एकसारखा वितळू लागला. मग पेटीत ठेवायला तुपाचे सोळा रिकामे डबे त्या मिश्रणाने भरले, झाकणं कथलाचा डाग देऊन बंद केली आणि वरून काजळी व डिंकाच्या पाण्याचे पाच हात दिले. तेलरंगाचा वास माशांना लागला असता. खाऱ्या वाऱ्यात एकेक हात वाळायला अख्खा दिवस गेला होता.

आज सूर्य मावळल्यावर चार तास पेटी पन्नास अंशांवर टिकली, तर सदूची नोकरी पक्की होती. नाही टिकली, तर साहेब प्रयोग उचलून वेळणेश्वरला नेणार होते.

या पेटीवरून घरात महिनाभर धुसफूस होती. मच्छीमार सोसायटीचा भागोजी एकदा सड्यावर येऊन बोलून गेला होता, "पेटी चालली तर अशा चाळीस मांडू. मग दोन माणसं पुरे." सड्याच्या उघड्या कातळावर मासे सुकवणाऱ्या चौदा बाया होत्या. त्यांची मुकादम सगुणा. "मग आमी काय पेटीत बसायचं?" असं एकजण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. सगुणा हसली नाही.

त्या दिवशी जेवताना सदू तिला समजावायला गेला. "वहिनी, आता तुला उन्हात मरायला नको. दादा मुंबईहून पाठवतो, माझाही पगार येईल. घरी बसून खा."

"बसून खानाऱ्यांचं घर नाय ह्ये," ती म्हणाली आणि पळी पातेल्यात आपटली.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलायची बंद झाली. जे सांगायचं ते भिंतीला सांगायची. "पेटीवाल्यांची आमटी निवली. म्हणावं, ठेवा पेटीत."

आता मात्र सदू धावतच कट्ट्यापाशी गेला. "काय केलंस हे!"

"दिसत नाय? डबे घासले." महिनाभरात पहिल्यांदा ती त्याच्याकडे बघून बोलली.

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"सायब येनार ना घरात? काळी भांडी बघून नावं कोणाला ठेवतील? तुमाला का मला?"

सदूने तोंडाशी आलेली शिवी गिळली. या घरात चुलीवरून उतरलेलं एकही भांडं कधी काळं राहिलं नव्हतं. आई असताना राहिलं नाही, वहिनी आल्यावर राहिलं नाही. पाहुणा यायचा म्हटलं की ती कंदिलाच्या काचेपासून सगळं घासायला काढायची. हिला हे डबे म्हणजे कोणीतरी काजळवून टाकलेली भांडीच वाटणार! त्याला स्वतःचीच लाज वाटली. ऑफिसात त्याने आकृत्या काढून सगळं चारदा समजावलं होतं. वहिनीला एकदाही सांगितलं नव्हतं.

तो तिच्यासमोर बसला. एका हातात घासलेला डबा घेतला, दुसऱ्यात न घासलेला.

"हे बघ, वहिनी. चकचकीत पत्रा ऊन परतवून लावतो. काळा पत्रा ते पिऊन घेतो. सड्यावरचा काळा कातळ कसा तापतो? दुपारी पाय ठेववत नाही, हो ना? तसंच हे. काळा रंग गेला की आतलं मेण वितळणार नाही. मेण वितळलं नाही तर संध्याकाळी पेटी गार. कळलं?"

वहिनीने भेगाळलेले पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"तुझा दोष नाही," सदू म्हणाला. आवाज जमेल तितका मऊ ठेवला होता, आणि तो तसा ठेवता आला याचं त्याला बरंही वाटलं. "तुला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. मी सांगायला हवं होतं."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढे करून त्याच्या हातातला काळा डबा काढून घेतला, मांडीशी धरला आणि सोडण राखेत बुडवलं.

"ठावं हाय, भावजी," ती म्हणाली. "म्हणून तर घासले."