पुन्हा खेळावासा वाटणारा गेम

अंतराळयुद्धाच्या त्या गेमची त्याने परीक्षणात पार सालटी काढली होती. ‘सगळे ग्रह एका छापाचे, कॉम्प्युटरची चाल पहिल्याच डावात कळते. हा गेम दुसऱ्यांदा कोणी उघडणार नाही.’ तरी आजही काम संपल्यावर तो तोच गेम उघडून बसला होता.

“एवढा भिकार आहे, तर रोज कशाला खेळता?” निघता निघता संपादकबाईंनी विचारलं.

“बघतोय, सुधारलाय का,” तो म्हणाला, पण नजर पडद्यावरून हलली नाही.

रोज या वेळेला ऑनलाइन येऊन त्याच्यावर चाल करणाऱ्या लाल ताफ्याचा आज पत्ताच नव्हता. इंटरनेट चालू आहे ना, ते त्याने पुन्हा तपासलं. आज येणारच नाही की काय?

एवढ्यात कोपऱ्यातून लाल यानं घुसली आणि बघता बघता त्याचे निम्मे ग्रह बेचिराख झाले. त्याचा जीव भांड्यात पडला.



भांडून घर सोडून गेलेली लेक त्याचा फोन उचलत नव्हती. पण त्याच्यावर हल्ला करायला मात्र रोज न चुकता यायची.