अन्साबाईंचं तरट

राममंदिरात कीर्तनाआधी अध्यक्षांच्या सूनबाई शर्वरीताई तागाचे गुण सांगायला मंचावर उभ्या राहिल्या. ताग घाम टिपतो, अंगाला गार लागतो, शेवटी मुकाट मातीत मिसळतो, असं बरंच काही. टेबलावर वाटायच्या तागाच्या पिशव्या होत्या, एकेक प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेली.

कानानं अधू असलेल्या अन्साबाई अगदी पुढे, आपलं तागाचं जुनं तरट अंथरून बसल्या होत्या. भाषण थांबवून ताई म्हणाल्या, “आजी, तेवढं उचलता का? फोटोत कळकट दिसतंय. मागे खुर्च्या आहेत ना.”

“मागून मला बुवांचं अक्षर ऐकू येत नाही, बाई. आणि मघापासून तू याचंच तर कौतुक करतेयस.”

“ते तरट आहे, आजी. मी ज्यूटबद्दल बोलतेय.”

अन्साबाईंनी नाक मुरडलं. बूड मात्र तसूभर हललं नाही.

तेवढ्यात बुवा आले. मंचावर शोभेची प्लॅस्टिकची हिरवळ पसरली होती. अनवाणी दोन पावलं टाकताच त्यांनी टोचलेले तळपाय चोळले आणि चिपळ्या घेऊन ते सरळ खाली उतरले.

“आजी, उभं राहायला तुमचं तरट देता?”

अन्साबाई लगबगीनं फरशीवर सरकल्या. तरटावर उभे राहून बुवा मंचाकडे वळले. “ताई, बाहेरून तुमचं भाषण ऐकलं हो. अगदी पटलं.”

मग ताईंकडे पाठ करून, अन्साबाईंपासून हातभर अंतरावर, त्यांनी नमन सुरू केलं. त्या दिवशी बुवांचा एक शब्दही म्हातारीच्या कानातून सुटला नाही.